स्वयंपाकघराची घरपट्टी

आई,

आज सकाळी आपल्या घराची मोजणी झाली. पालिकेनं सगळ्या शहरातल्या घरांची नव्यानं मोजणी काढली आहे, त्यासाठी एक मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईलएवढं यंत्र. ते एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर आकड्यात दिसतं. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. तरी मी माझा टेप घेऊन तिच्या मागं मागं फिरत होतो. पुढची खोली जुळली, मधली जुळली. तिसऱ्या खोलीत, म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरात, तिनं रस्त्याकडच्या भिंतीला यंत्र लावलं आणि थांबली. गिलाव्याला तिथं उभी बारीक चीर गेलेली आहे, वर आडवी, मग पुन्हा खाली. दोनदा रंग दिला तरी ती वर येते. "काका, इथं दार होतं का?" तिनं विचारलं. "होतं," मी म्हणालो. "कधी बुजवलं?" मी म्हणालो, "आठवत नाही." तिनं मान हलवली, खोलीपुढं 'वापर : निवासी' असं भरलं, माझी सही घेतली आणि शेजारी गेली. मी तिथंच उभा राहिलो. मला माहीत आहे, तू असतीस तर तिथल्या तिथं माझ्याकडं बघितलं असतंस.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. या खोलीत आता शेगडी नाही, जुन्या गाद्या आणि तुझी दोन मोठी पातेली आहेत. पण मी डोळे मिटले तर ती खोली मला तशीच दिसते. वडील गेल्यावर तू दुसऱ्याच महिन्यात जेवणं सुरू केलीस. सुरुवातीला नागापूरच्या एमआयडीसीतले चारजण, मग नऊ, मग दोन्ही वेळचे मिळून तीसच्या वर. ते रस्त्यावरूनच थेट स्वयंपाकघरात यायचे. चपला उंबऱ्याबाहेर, हात मोरीत, आणि गोणपाटाच्या दोन लांब पट्ट्यांवर समोरासमोर बसायचे. तू भुशाच्या शेगडीपाशी, तोंड दाराकडं. माणूस चप्पल काढतोय तोवर त्याचं ताट तयार. याला भाकरी कडक, त्याला रश्श्यावर तर्री नको, तो आज उशिरा आला म्हणजे पाळी जोडून केली, त्याला एक भाकरी जास्त. तू कधी कुणाला विचारलं नाहीस, दारातून येणारा माणूस बघूनच तुला कळायचं. भुशाचा धूर तुझ्या डोक्यावरून दाराबाहेर जायचा. खानावळीला पाटी नव्हती. संगमनेरकडचे वेल्डरमामा, आपले सगळ्यात जुने जेवणारे, म्हणायचे, "पाटी कशाला पायजे? चौकात उतरलं की धूर बघायचा आन् चालत ऱ्हायचं."

मग ती नोटीस आली. मी तेव्हा टर्नर म्हणून कायम झालो होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडायची नजर बसली होती, आणि दहावी नापास असल्याचा सल होता. नोटिशीत लिहिलं होतं, दोन खोल्या निवासी, एक खोली बिगरनिवासी, वापर खानावळ. घरपट्टी जवळजवळ दुप्पट झाली होती. मी कोर्टाजवळच्या दुकानातून कायद्याचं मराठी पुस्तक आणलं आणि दीड महिना वाचलं. समजायला मला मास्तर लागला नाही, याचा मला फार अभिमान होता. एकदा रात्रीची ताटं पडली असताना मी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, तुला आठवत असेल. पट्टी आपल्या कमाईवर नसते, घराच्या किमतीवरही नसते. ही जागा भाड्यानं दिली असती तर वर्षाला किती भाडं आलं असतं, ते पालिका धरते. जागा किती, बांधकाम पत्र्याचं की स्लॅबचं, किती जुनं, कुठल्या भागात, वापर कसला, यावरून ते भाडं ठरतं. त्यातला दहावा भाग डागडुजीसाठी सोडून देतात. उरतं ते करयोग्य मूल्य. मग त्यावर टक्क्यानं एकेक कर चढत जातो, सामान्य कर, अग्निशमन, वृक्षकर, शिक्षणकर. आणि वापर घरगुती नसेल तर त्यात रोजगार हमी कर वेगळा.

"पर आपन भाड्यानं दिलंच न्हाई की," तू भाकरी थापता थापता म्हणालीस.

"तशी कल्पना करायची असते."

"मग कल्पनेतच भरू दे त्यांना."

सगळे हसले. वेल्डरमामांनी विचारलं, "वकीलसाहेब, म्हंजी ह्या भाकरीवर बी पट्टी हाय का?" मी म्हणालो, "भाकरीवर नाही मामा. भाकरी खाताना तुम्ही जिथं बूड टेकलंय, त्या जागेवर." ते थोडे सरकून बसले, जणू त्यानं काही कमी होणार होतं. वकीलसाहेब हे नाव तेव्हापासून चिकटलं. चेष्टेतलं होतं, पण मी ते चेष्टेत घेतलं नाही.

घर मोजायला मी कंपनीतला टेप आणला होता. तू तो माझ्या हातात बघितलास आणि तवा खाली उतरवलास. "ही कुनाची वस्तू?" मी म्हणालो, उद्या नेऊन ठेवतो, दोन दिवसांचं काम आहे. "आज नेऊन ठेव. चोरीच्या टेपानं खरं माप कसं यील?" मी चिडलो, चोरी काय म्हणतेस म्हणालो, तिसऱ्या पाळीच्या माणसाबरोबर टेप परत पाठवला आणि तुझ्याशी बोललो नाही. रविवारी तू भिंगारच्या बाजारात गेलीस. तिखट-मसाला आणायला म्हणून गेलीस आणि पिशवीतून एक पाच मीटरचा स्टीलचा टेप काढून माझ्यापुढं ठेवलास. "हा आपला हाय. ह्यानं मोज." एवढंच. मी आज त्या मुलीच्या मागं जो घेऊन फिरत होतो तो हाच. पहिले चार सेंटिमीटर पुसले गेले आहेत, म्हणून मी दहापासून धरतो आणि दहा वजा करतो. माप चुकत नाही.

त्या टेपानं मी घर मोजलं आणि पालिकेच्या मोजणीत दोन चुका काढल्या. त्यांनी भिंतींची जाडी धरून बाहेरून माप घेतलं होतं आणि मागचा पत्र्याचा आडोसा खोलीत धरला होता. दोन्ही मुद्दे खरे होते, पुढं दोन्ही मान्य झाले. तिथं मी थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला तिसरा मुद्दाही जिंकायचा होता. पुस्तकात दुकानगाळ्यांच्या दरांचा तक्ता होता, त्यात 'रस्त्याकडे स्वतंत्र प्रवेश' असे शब्द होते. मी ठरवलं की सगळं त्या दारावर अडलं आहे. रस्त्याकडं दार म्हणून ती खोली बिगरनिवासी. दार नसेल तर ते घरातलं साधं स्वयंपाकघर. मी हरकतीच्या अर्जात लिहिलं, 'सदर खोलीतील खानावळ बंद करण्यात आली असून रस्त्याकडील दार कायमचे बुजविले आहे.' अर्ज तुझ्या नावानं होता, तू मला वाचून दाखवायला सांगितलंस. मी वाचला. तू विचारलंस, "खानावळ बंद कुठं झालीय?" मी म्हणालो, ही फक्त लिहायची भाषा असते. जेवणारे आता मागच्या बाजूनं येतील, बोळातून, तेवढाच फरक. तू पेन घेतलंस. तुझी सही करायची रीत वेगळीच होती. तू आधी वरची रेघ ओढायचीस, सरळ, लांब, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचीस, दोरीवर कपडे घालावेत तसं. अक्षरं संपायची आणि रेघ पुढं बोटभर उरायची. त्या दिवशीही उरली.

दार मी स्वतः बुजवलं. गवंड्याला दिलं असतं तर त्यानं वाकडं केलं असतं, असं मला वाटलं. चौकट काढली, चार इंची भिंत घेतली, एकास सहा सिमेंट-वाळूचा माल, प्रत्येक थराला ओळंबा. काम इतकं नेटकं झालं की शेजारचे बघायला आले. वर धुरासाठी मी एक सिमेंटची जाळी ठेवली, एक फूट बाय नऊ इंच. पाहणीला पालिकेचा माणूस आला तो सकाळी अकराला, जेवायला कुणी नसताना. वेळ मीच मागून घेतली होती. मोठी पातेली पलंगाखाली सारली होती. तो भला माणूस होता. त्यानं भिंत बघितली, आत येऊन पाणी मागितलं आणि तुला विचारलं, "मावशी, खानावळ बंद केली का?" तू तांब्या त्याच्यापुढं ठेवलास आणि म्हणालीस, "माझा मुलगा सांगंल." मी सांगितलं. सुनावणीत तिन्ही मुद्दे मान्य झाले. निकालाचा कागद मी गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवला, पेढे वाटले. त्यानंतर गल्लीतली माणसं नोटिसा घेऊन माझ्याकडं यायला लागली आणि मी कुणाकडून चहापलीकडं काही घेतलं नाही. तुझ्यापुढं कागद धरला तेव्हा तू विचारलंस, "ह्याच्यावर आता काय लिवलंय, खानावळ?" मी म्हणालो, नाही, आता निवासी. तू "बरं" म्हणालीस आणि परातीत पीठ घेतलंस. मी त्या 'बरं'चा अर्थ आनंद असा घेतला.

मग सव्वातीन वर्षं तू त्या खोलीत रांधलंस. माणसं बोळातून, मोरीवरून, मधल्या खोलीतून वाकून यायची. तू पहिल्यासारखीच शेगडीपाशी बसायचीस, पण समोर आता भिंत होती. माणूस पाठीमागून यायचा आणि तुला मान वळवून बघावं लागायचं, कोण आलंय. भर दुपारी दिवा लागायचा. धूर छपराखाली साचायचा, मग हळूहळू खाली उतरायचा, आणि जेवणारे ठसका लागला की म्हणायचे, "मावशी, आज फोडणी झणझणीत हाय," तुला वाईट वाटू नये म्हणून. काहीजण सोडून गेले. मी पहिल्या पाळीला पहाटे जायचो आणि यायचो तेव्हा शेगडी विझलेली असायची; रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी पुढच्या खोलीत गल्लीतल्यांच्या नोटिसा वाचत बसलेला असायचो. तुझे डोळे लाल दिसायचे, मी कांद्यामुळं समजायचो. खोकला सुरू झाला तेव्हा मी ज्येष्ठमध आणून दिला. जाळी मोठी कर असं तू एकदा म्हणाली होतीस. मी म्हणालो, नव्या आकारणीपर्यंत बाहेरून काही बदल नको, कुणी बघितलं तर संशय येईल. तू पुन्हा म्हणाली नाहीस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "धुरात किती वर्षं काम केलंय?" मी म्हणालो, एकूण सतरा वर्षं, पण त्यातली सव्वातीन बंद खोलीत. मला नेमकं उत्तर द्यायची सवय होती. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिला. "बंद खोलीत का?" मी फोटो त्याच्या हातून घेऊन पाकिटात घातला. तू पौषात गेलीस, बसल्या बसल्या, कारण तुला आडवं होता येत नव्हतं. भिंतीमुळं गेलीस असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. पण दार तीन फूट बाय साडेसहा फूट होतं आणि जाळी एक फूट बाय नऊ इंच. मी ते भागून बघितलं आहे. दार जाळीच्या सव्वीस पट होतं.

वर्षश्राद्धानंतर घराला माझं नाव लावायला मी पालिकेत अर्ज केला, तेव्हा आपल्या घराचा आकारणीचा उतारा पहिल्यांदा माझ्या हातात आला. गल्लीतल्या प्रत्येकाचं बिल मी तपासत होतो, फक्त आपलं कधी बघितलं नव्हतं. पट्टी तू स्वतः जाऊन भरायचीस, मी सकाळी कामावर असायचो. "भरली का?" "भरली." एवढंच बोलणं. उताऱ्यावर मी बोट फिरवत खाली आलो आणि रोजगार हमी कराच्या ओळीवर थांबलो. तिथं आकडा होता. निवासी घराला तो लागत नाही. म्हणजे तिसरी खोली अजून बिगरनिवासीच होती, आणि तू इतकी वर्षं तशीच पट्टी भरत आली होतीस. मला वाटलं, पालिकेनं निकाल मिळूनही आपल्याला फसवलं, एका बाईला काय कळणार म्हणून. मी संतापून अर्ज लिहिला, माझ्या सगळ्या अर्जांतला सगळ्यात चांगला, जुन्या निकालाची प्रत जोडून.

सुनावणीला मी दोन शेजाऱ्यांना मुद्दाम बरोबर नेलं होतं, त्यांनी बघावं म्हणून. अधिकारी बाई वयानं माझ्याएवढ्या, आवाज शांत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग फाईल उलटी करून माझ्यापुढं ठेवली. "हा अर्ज बघा. निकालानंतर महिनाभरात आलाय." आखीव कागद होता, वहीतून फाडलेला. अक्षर कुणाचं ते कळलं नाही. मजकूर चार ओळींचा : माझ्या घरातील स्वयंपाकघराची खोली निवासी लावली आहे ती चूक आहे. त्या खोलीत मी खानावळ चालवते. त्याप्रमाणे पट्टी लावावी, मी भरीन. आणि खाली एक लांब सरळ रेघ, तिच्याखाली टांगलेली अक्षरं, आणि पुढं बोटभर उरलेली रेघ.

"यावरून परत पाहणी झाली आणि बिगरनिवासी लागलं," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या अर्जात दाराचं फार लिहिलंय, पण दाराचा तसा काही संबंध नव्हता हो. आम्ही वापर बघतो. दार उघडं असतं तरी तेच, बुजवलं तरी तेच." मग त्यांनी विचारलं, "ही सही तुमच्या आईचीच आहे ना?"

माझ्या डाव्या हाताला एक शेजारी उभा होता, उजव्या हाताला दुसरा. दोघांचे अर्ज मी लिहून दिलेले. मी म्हणालो, "नाही. ही सही तिची नाही."

बाईंनी मला पुन्हा विचारलं, नीट बघा म्हणाल्या. मी कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला, कंपनीत जॉबची तपासणी करतो तसा, आणि परत दिला. "नाही." त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, तुझ्या कागदाच्या समासात लाल शाईनं 'सही अमान्य' असं लिहिलं आणि खोली निवासी करून दिली. तू जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करायचा आदेश निघाला. बाहेर आल्यावर शेजाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर चार वर्षं आपल्या घराच्या बिलावर 'देय रक्कम शून्य' असं छापून येत होतं. आई, त्या चार वर्षांची पट्टी तू भरलीस. जाऊनही तूच भरत होतीस, आणि तुझी सही खोटी असं सांगून मी ती घेत होतो.

पुढच्या महिन्यात मी वेल्डरमामांना शोधत संगमनेरला गेलो. ते काम सोडून गावी राहायला गेले होते, डेअरीच्या गाडीची वाट बघत कट्ट्यावर बसलेले सापडले. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तो अर्ज ना? मीच लिवला. तुझी आई म्हनली, मामा, तुमचं अक्षर चांगलं हाय, चार वळी लिवा."

"मला का सांगितलं नाही?"

"तिनंच घातली हुती शपथ. म्हनली, पोरगं लई शिकलंय स्वताच्या जिवावर, त्याला खाली बघाय लागंल."

"पण जादा पट्टी कशाला भरायची, मामा? मी सोडवून दिली होती."

मामांनी बराच वेळ पायातली वहाण नीट केली. "मी बी तेच इचारलं. तर म्हनली, मी एवढी वर्सं रांधते, पर कुठंच लिवलेलं न्हाई. रेशनकार्डावर घरकाम. मतदार यादीत घरकाम. सरकारच्या त्या एका कागदावर माजी खानावळ हुती. तेवढ्यासाठी भरीन म्हनली पट्टी."

मी विचारलं, "मग भिंत का पाडली नाही? पट्टी तर भरतच होती. दार उघडायला काय हरकत होती?"

"ते मी लई बोललो तिला. मी सोता पाडून देतो म्हनलं, दोन घनाचं काम. न्हाई म्हनली. भिंत पाडली तर त्याला कळंल, म्हनली. त्यानं रजा टाकून बांधलीय, लोकं बघाय आली हुती." डेअरीची गाडी आली. मामा कॅन उचलता उचलता म्हणाले, "शिकल्याला मानूस हायेस, तुला ह्यो धूर दिसाय पायजे हुता." ते रागानं म्हणाले नाहीत.

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गल्लीत आजही मी वकीलसाहेब आहे. आजच्या मोजणीनंतर सगळ्यांना नव्या नोटिसा येतील, मग पुढच्या खोलीत माणसं बसतील, आणि मी समजावून सांगेन की आधी मोजमाप तपासा, मग बांधकामाचा प्रकार, मग वापर. मी आता प्रत्येकाला एक गोष्ट सांगतो : वापर जो असेल तो खरा लिहा. ते समजतात की हा माझा अनुभव आहे, म्हणजे मी कुणाला तरी अडकताना बघितलं असेल.

तो लाल शेरा काढून टाकावा म्हणून मी तीनदा अर्ज लिहिला. 'मी सुनावणीत दिलेला जबाब खोटा होता. सदर सही माझ्या आईचीच आहे. ती मालमत्तेत खानावळ चालवत होती, तशी नोंद कायम करावी.' अर्जात एकही चूक नाही. तो टेबलाच्या खणात आहे. या खोलीत आता खानावळ नाही, त्यामुळं अर्ज दिल्यानं पट्टीत काही फरक पडणार नाही, वाढणार नाही की कमी होणार नाही. फक्त त्या फाईलमध्ये तू पुन्हा असशील आणि मी खोटा असेन. एवढंच अडलं आहे, आणि चौदा वर्षांतली तेरा वर्षं तेवढ्यावरच अडलेलं आहे. उद्या देईन असं तुला लिहू शकत नाही. तुला लिहिलेलं तरी खरं असावं.

त्या मुलीला मी सांगितलं, दार कधी बुजवलं ते आठवत नाही. आठवतं. बुधवार होता, मी रजा टाकली होती. मी रस्त्यावर उभा राहून बाहेरून विटा लावत होतो आणि तू आतून माल कालवून घमेल्यानं देत होतीस. थर चढत गेले तशी आधी तू कमरेपर्यंत दिसेनाशी झालीस, मग खांद्यापर्यंत. शेवटी वर एका विटेची जागा उरली, तोवर तू हात धुऊन रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं होतंस. तिथून तू मला चहा दिलास. तुझा हात दिसत होता, मनगटापर्यंत, पिठाचा. मी चहा प्यालो, कप त्या भोकातून परत दिला, तू तो धरलास, आणि मी वीट बसवली.